बेबी साताऱ्यात

आईला कॅलेंडरवर लिहायची सवय आहे. स्वयंपाकघरातल्या खिळ्याला कॅलेंडर, त्याच खिळ्याला दोऱ्यानं बांधलेलं बॉलपेन, आणि तारखेच्या चौकोनात मुंगीएवढ्या अक्षरात सगळा संसार. दूध अर्धा लिटर जादा. सिलिंडर लावला. भिशी दिली. वर्ष सरलं तरी ती कॅलेंडर टाकत नाही. फडताळात, ट्रंकेत, डब्यांच्या खाली अंथरते. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत माडीवरची पत्र्याची ट्रंक मी रिकामी केली तेव्हा तळाला ऑगस्ट २०१९ निघाला.

कोल्हापुरातल्या महापुराचा महिना. मी तिथंच फरशीवर बसले. ५ तारखेच्या चौकोनात होतं, ‘पाणी उंबऱ्याला. सगळे माडीवर.’ आणि ६ तारखेच्या चौकोनात, कडेनं वळत वळत, ‘तिसरी पायरी. लाइट नाही. बादली वाहत आली, ह्यांनी काठीनं ओढली. बेबी साताऱ्यात.’

बेबी म्हणजे मी. वय सत्तेचाळीस, कॉलेजात बारावी आर्ट्सला मानसशास्त्र शिकवते, आणि घरात अजून बेबीच आहे.

माझ्या डोक्यातली ती रात्र सांगते, म्हणजे त्या तीन शब्दांनी काय केलं ते कळेल. मी जिन्याच्या चौथ्या पायरीवर उभी आहे. तिसरी नुकतीच बुडालीय. पाण्याला रॉकेलचा आणि कुजक्या पेंडीचा वास आहे. माझ्या पाठीमागं अण्णा, म्हणजे माझे वडील, बॅटरी धरून उभे आहेत, त्यामुळे पाण्यावर माझीच सावली पडलीय. त्या सावलीतून आमची हिरवी बादली डुलत येते, कठड्याला लागते आणि हळूच वळते. अण्णा म्हणतात, “बेबी, पाय फुडं टाकू नगंस.”

एवढंच. पण हे एवढं मी दरवर्षी वर्गात सांगत आलेय. स्मृतीचं प्रकरण आलं की फ्लॅशबल्ब मेमरी शिकवताना हमखास. मोठा धक्का बसतो त्या क्षणाचा मनात जणू फोटोच निघतो, असं रॉजर ब्राउन आणि जेम्स कुलिक यांनी १९७७ साली मांडलं, आणि मुलींनो, माझा फोटो बघा, ही बादली. पोरी गप्प होऊन ऐकायच्या. एकदोघींचे डोळेही भरायचे. आमच्या वर्गात पूरपट्ट्यातल्या पोरी पुष्कळ.

आणि त्या रात्री मी साताऱ्यात होते.

तरी आधी आईचंच चुकलं असणार असं मला वाटलं. चार दिवसांचं तिनं एकदम लिहिलं असेल, तारखा इकडच्या तिकडं झाल्या असतील. म्हणून दादाला फोन लावला. तो उद्यमनगरात होता, मागं लेथचा आवाज.

“दादा, १९ च्या पुरात मी कुठं हुतो?”

(बाहेरच्या वाचकांसाठी : कोल्हापुरात आम्ही बायकाही ‘आलो, गेलो’च म्हणतो. लिहिताना सुधारतो, बोलताना नाही.)

“साताऱ्यात. मामाकडं. पुण्यासनं निघालीस आन् हायवे बंद झाला न्हवं का. का गं?”

“मग ती बादली?”

“ती मी व्हिडिओ टाकल्याला ग्रुपवर. तू त्येवढं सोडून धा येळा इचारत हुतीस, अण्णा कुठायत, अण्णा दिसंनात. शेवटी मी म्हटलं, आगं, मागं आवाज येतोय की त्यांचा. मलाच वराडाय लागलेत, पाय फुडं टाकू नगंस म्हणून.”

फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ मी ट्रंकेचं झाकण नुसतं उघडमीट करत होते.

हिशेब मांडला तर सोपा होता. बादली व्हिडिओतली. अण्णांचा आवाज व्हिडिओतला, फक्त दादाच्या ‘संजा’ या नावाच्या जागी ‘बेबी’ आलं. वास आणि पायाखालची ओली पायरी मात्र खरी, पण ती २०२१ ची. त्या जुलैत पाणी परत तेवढंच आलं, आणि त्या वेळी सामान माडीवर टाकायला मी घरात होते. बॅटरीही तेव्हाचीच. पण २०२१ ला अण्णा नव्हते. आदल्या दिवाळीच्या आधीच ते गेले. म्हणजे मी जिन्यावर उभी आहे आणि अण्णा माझ्या मागं बॅटरी धरून आहेत अशी रात्र कधी झालीच नाही. पहिल्या पुरात मी नव्हते, दुसऱ्यात ते नव्हते.

आता गंमत बघा. हे सगळं मी शिकवते. वीस वर्षं शिकवते.

आमच्या विषयात एक काळ असा होता की ‘डोक्यात काय चाललंय’ हा प्रश्न विचारणंच अडाणीपणाचं मानलं जाई. १९१३ साली जॉन वॉटसन यांनी जाहीर केलं की मानसशास्त्राला विज्ञान व्हायचं असेल तर जे दिसतं, मोजता येतं, तेवढंच बघावं. चेतक म्हणजे बाहेरून काय मिळालं, आणि प्रतिसाद म्हणजे त्यावर काय केलं. मधली पेटी, म्हणजे डोकं, बंद. त्याला वर्तनवाद म्हणतात, आणि अमेरिकेत त्यानं चाळीसेक वर्षं राज्य केलं. त्या हिशेबानं माझ्या बादलीचा प्रश्नच उद्भवत नाही. बाई दरवर्षी एक गोष्ट सांगतात, पोरी गप्प होतात, गप्प झाल्यामुळं बाईंना पुढच्या वर्षी परत सांगावीशी वाटते. संपलं. खरं तर यातही तथ्य आहेच, ते मला फार झोंबतं. पण बादली हिरवी का, अण्णा मागंच का उभे, हे त्यातून कळत नाही.

पेटी बंद ठेवणाऱ्यांच्या घरातच एडवर्ड टोलमन नावाचा एक माणूस होता. कॅलिफोर्नियात बर्कलीला उंदरांवर प्रयोग करायचा. उंदीर चक्रव्यूहात ठरलेल्या वाटेनं खाण्यापर्यंत जायला शिकले की तो ती वाट बंद करायचा आणि भोवतीनं बऱ्याच नव्या वाटा उघडायचा. उंदीर नुसता सवयीचा गुलाम असेल तर त्यानं जुन्या वाटेच्या शेजारची वाट धरायला हवी. पण बरेच उंदीर खाणं ज्या दिशेला होतं त्या दिशेची वाट धरत. १९४८ साली टोलमननं लिहिलं की उंदराच्या डोक्यात नकाशा असतो. आमच्याकडं गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी येतात, तिथंच धार काढून फेसाळ ग्लास हातात मिळतो. त्या म्हशी कधी घरी परतताना बघा. रस्ता खणलेला असला तर मालकाच्या आधी म्हैसच बोळात वळते. कट्ट्यावरच्या कुणाला टोलमन सांगितला तर तो म्हणेल, ह्यात काय सांगितलासा?

पेटी उघडली ती १९५६ मध्ये. ११ सप्टेंबरला अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात एक परिसंवाद झाला. न्यूएल आणि सायमन यांनी तर्कशास्त्रातली प्रमेयं सिद्ध करणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम मांडला, नोम चॉम्स्की भाषेच्या रचनेवर बोलले, आणि जॉर्ज मिलर यांनी अल्पकालीन स्मृतीत एका वेळी साधारण सातच गोष्टी मावतात हे सांगितलं. पुढं मिलर म्हणत की बोधनिक म्हणजे कॉग्निटिव्ह मानसशास्त्राचा वाढदिवस धरायचाच तर तो हाच. यंत्र आत माहिती घेतं, ठेवतं, तिच्यावर काम करतं, बाहेर काढतं. मग माणसाच्या आत काय होतं हे विचारायला लाज कसली? बोधनिक दृष्टिकोन म्हणजे थोडक्यात हे धाडस. परीक्षेत हा प्रश्न पाच मार्कांना येतो.

पण कॉम्प्युटर उसना घेतला की त्याचे शब्दही पाठीमागनं येतात. साठवण, फाइल, सेव्ह, डिलीट. मी स्वतः फळ्यावर तीन चौकोन काढते. संवेदनिक स्मृती, अल्पकालीन, दीर्घकालीन, मधे बाण. पोरी सुबक काढून घेतात, पट्टी लावून. त्या आकृतीत बादली एकदा दीर्घकालीन चौकोनात गेली की ती तिथं आहे. हरवली तर हरवली, पण आहे तोवर जशी टाकली तशीच. ती तिथं एकटी असताना अण्णांच्या शेजारी जाऊन उभी राहील हे त्या चौकोनात बसत नाही. ही आकृती चुकीची आहे असं म्हणत नाही मी. पण तिनं माझी वीस वर्षं फसवणूक केली, आणि मी बारावीच्या वीस वर्गांची.

आणि सांगायला हरकत नाही, या फसवणुकीबद्दल इशारा देणारा माणूस त्याच घराण्यातला. अल्रिक नाइसर. १९६७ साली ‘कॉग्निटिव्ह सायकॉलॉजी’ हे पुस्तक लिहून त्यानं या शाखेला नावानं उभं केलं. त्याच पुस्तकात तो म्हणतो की आठवणारा माणूस जीवाश्म शोधणाऱ्यासारखा असतो. हाडांचे चार तुकडे मिळतात, बाकीचा डायनोसॉर तो रचतो.

या नाइसरची स्वतःची एक बादली होती. ७ डिसेंबर १९४१ ला जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला तेव्हा तो बारा वर्षांचा होता. त्याला स्वच्छ आठवायचं की तो दिवाणखान्यात रेडिओवर बेसबॉलची मॅच ऐकत होता, मॅच थांबवून बातमी सांगितली, आणि तो आईला सांगायला जिन्यावरनं वर धावला. कितीतरी वर्षं हेच आठवत राहिलं. मग एक दिवस ध्यानात आलं की डिसेंबरात बेसबॉल नसतो. सीझन शरदातच संपतो. पुढं दुसऱ्या कुणी शोध घेतला, तर त्या दिवशी रेडिओवर फुटबॉलची मॅच होती, आणि खेळणाऱ्या संघांची नावं योगायोगानं बेसबॉलच्या संघांचीच. म्हणजे अगदीच हवेतनं आलेलं नव्हतं. हाडाचा तुकडा खरा, डायनोसॉर दुसरा.

त्याच्याही गोष्टीत जिना आहे, हे मला आत्ता लिहिताना दिसलं.

हा माणूस गप्प बसला नाही. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर अवकाशयान उड्डाणानंतर फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं अटलांटाच्या एमरी विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या १०६ मुलांकडून लिहून घेतलं : बातमी कुठं कळली, कुणाकडनं, सोबत कोण होतं, काय करत होता. कागद बांधून ठेवले. अडीच वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना गाठून निकोल हार्श या सहकारी संशोधिकेबरोबर तेच प्रश्न परत विचारले आणि सातपैकी गुण दिले. पैकीच्या पैकी तिघांनाच. अकरा जणांना शून्य. शून्य म्हणजे जागा चूक, माणसं चूक, वेळ चूक, सगळंच. आणि या शून्यवाल्यांचा आत्मविश्वास काही कमी नव्हता. बातमी कुणा मैत्रिणीकडनं किंवा वर्गात कळलेल्या कितीतरी जणांना आता वाटत होतं की आपण ती पहिल्यांदा टीव्हीवरच पाहिली.

या प्रयोगातला मला सगळ्यात लागणारा भाग पुढचा आहे. त्या मुलांना त्यांचेच कागद दाखवले. अक्षर आपलं, सही आपली. त्यांनी ते मान्य केलं. पण मूळची आठवण एकालाही परत आली नाही. नवी होती तीच राहिली.

माझंही तेच झालंय. कॅलेंडर वाचून सहा-सात महिने झाले. डोळे मिटले की मी आजही चौथ्या पायरीवरच असते. साताऱ्याची रात्र शोधून सापडत नाही. मामाच्या घरी जेवायला काय होतं, झोपले कुठं, काही नाही. घडलेली रात्र कोरी, न घडलेली लख्ख.

आमच्या शेजारी नाना आहेत. ऐंशीच्या घरात, तालमीतले जुने वस्ताद. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात त्यांनी ज्या कुस्त्या बघितल्या त्या ते आजही हातवारे करून सांगतात. कुणी पट काढला, कुणी कधी ढाक लावली, कोण कुठल्या अंगाला पडला. मला अर्ध्या मिनिटातल्या तीन हालचालीही ध्यानात राहत नाहीत. त्याचं कारण नानांची स्मरणशक्ती नव्हे. १९७३ साली चेस आणि सायमन यांनी बुद्धिबळाच्या खेळाडूंवर हे तपासलंय. खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवला तर उस्ताद खेळाडू नवशिक्याच्या कितीतरी पट सोंगट्या जागच्या जागी मांडतो. सोंगट्या कशाही विस्कटून ठेवल्या तर त्याचं काही चालत नाही, तो जवळपास नवशिक्याच्या पंगतीला येतो. उस्तादाला सोंगट्या दिसत नाहीत, डाव दिसतो. नानांना हात-पाय दिसत नाहीत, ढाक दिसते.

मागं एकदा दादानं यात्रेतली एक कुस्ती मोबाइलवर घेतली होती. दोन महिन्यांनी नाना ती कट्ट्यावर रंगवून सांगत होते, शेवटी ढाकेवर चीत केला म्हणून. दादानं मोबाइल काढून दाखवला. घिस्सा होता, म्हणजे दुसराच डाव. नानांनी चष्मा लावून दोनदा बघितलं, मोबाइल परत दिला आणि म्हणाले, “त्यो पैलवान ढाकेचा हाय. तुझं मशीन चुकतंय.”

आम्ही हसलो. पण ज्या जाळ्यानं नानांनी शेकडो कुस्त्या धरून ठेवल्यात, त्याच जाळ्यानं ही ढाक विणली. तो पैलवान ढाकेचा, म्हणून ढाक. पूर म्हटला की घरात अण्णा असतात, आणि अण्णा असले की ते बेबीला सांभाळतात, म्हणून बेबी. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेटनं हे १९३२ सालीच लिहून ठेवलं होतं, वर्तनवाद ऐन भरात असताना. अमेरिकेतल्या आदिवासींची एक भुताखेतांची लोककथा त्यानं इंग्रज वाचकांना दिली आणि नंतर आठवून लिहायला सांगितली. भुतं गळाली, आदिवासींची होडी साधी नाव झाली, गोष्ट इंग्रजाला पटेल अशी झाली. कुणी खोटं बोलत नव्हतं. प्रत्येक जण गोष्ट आपल्या घरात बसेल अशी करून घेत होता.

आता शब्दांचं. आमच्या पेठेत पुराबद्दल तीन क्रियापदं आहेत : पाणी आलं, पाणी चढलं, पाणी घुसलं. माझा अनुभव असा की ‘घुसलं’ म्हणणाऱ्यांच्या गोष्टीत पाणी कायम एक वीतभर जास्त असतं. हे माझं निरीक्षण, याला शास्त्र म्हणू नका. पण १९७४ सालचा एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा प्रयोग मला यावरून आठवतो. लोकांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. ‘गाड्या एकमेकींवर आदळून चक्काचूर झाल्या तेव्हा वेग किती होता’ असं विचारलं की सरासरी उत्तर ताशी ४१ मैलांच्या आसपास, ‘एकमेकींना लागल्या’ म्हटलं की ३२. दुसऱ्या प्रयोगात आठवड्यानंतर विचारलं की काच फुटलेली दिसली का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. पण तडाख्याचं क्रियापद ऐकलेल्यांतल्या बऱ्याच जास्त लोकांना ती दिसली होती.

दादाच्या बाबतीतही मग मला शंका आली. रविवारी त्याला कॅलेंडर दाखवलं. त्यानं वाचलं आणि म्हणाला, “ह्यांनी काठीनं ओढली? आयला, बादली मी ओढली की!”

“एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात काठी?”

तो थांबला. हवेत डावा हात मोबाइलसारखा धरून बघितला, उजवा काठीसारखा. मग कानामागं खाजवत म्हणाला, “व्हय की गा. मग काठी कुणाकडं हुती?”

व्हिडिओ बघून टाकू म्हटलं तर तो फोन २०२१ ला पाण्यातच गेला, आणि ग्रुपवरचं माझं सगळं फोन बदलताना पुसलं गेलंय. त्यामुळं आता आमच्या घरात एकाच रात्रीच्या तीन रात्री आहेत, आणि आईच्या बॉलपेनाशिवाय साक्षीदार नाही. मार्सिया जॉन्सन आणि कॅरल रे यांनी १९८१ साली दाखवलं की डोक्यातली गोष्ट बघितलेली की कल्पिलेली, हे मेंदूत शिक्का मारून ठेवलेलं नसतं. आठवताना आपण ते दर वेळी ठरवतो, आणि ठरवायला पुरावा काय, तर चित्र किती ठसठशीत आहे, त्याला वास आहे का, आवाज आहे का. माझ्या चित्राला सगळं होतं. वास तर २०२१ चा अस्सल.

भिंत तेवढी खोटं बोलत नाही असं वाटायचं. आमच्या खालच्या सोप्याच्या भिंतीवर अण्णांनी ऑइलपेंटनं रेघा मारल्यात. २००५ ची रेघ उंबऱ्याशी. २०१९ ची जिन्याच्या सातव्या पायरीला समांतर. पण याच रेघेनं आम्हाला १९ ला बुडवलं. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. त्या ऑगस्टात पाणी ४३ च्या पुढं गेलं, जामदार क्लबपर्यंत आलं, लोक सामान काढायला लागले, आणि अण्णा त्या रेघेकडं बोट दाखवून म्हणत होते, “हिच्या वर येत न्हाई. पाच साली बघितलंय.” माझे फोनवर त्यांच्याशी वाद झाले असणार. ‘असणार’ म्हणते, कारण आता कशाचीच खात्री देत नाही. पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. ट्वर्स्की आणि काहनमन यांनी १९७४ साली याला नांगर म्हटलं. पहिला आकडा मनात रुतला की पुढचा अंदाज त्याच्याच भोवती फिरतो. अण्णांचा नांगर तर भिंतीवर रंगवलेला होता. दोन वर्षांनी, २०२१ ला, अख्खी पेठ १९ च्या रेघेकडं बघून वेळेत हलली. नांगर तोच, या वेळी उपयोगी पडला.

आता जुलै लागला की आई रात्री उठून बसते. पत्र्यावर पावसाचा आवाज वाढला की तिचं सुरू होतं, “राधानगरीचं दार उघडलं आसंल.” राधानगरी म्हणजे वरच्या अंगाचं धरण. ॲरन बेक या डॉक्टरांनी १९६० च्या दशकात फिलाडेल्फियात बसून सांगितलं की घटना आणि भावना यांच्या मधे एक विचार असतो, तो पकडायचा, तपासायचा, पुरावा मागायचा. बोधनिक उपचारपद्धती त्यातून आली आणि तिनं पुष्कळ लोकांचं भलं केलंय, माझ्या ओळखीतल्याही. मी एका रात्री आईवर हा प्रयोग केला. म्हटलं, आई, पाऊस पडतोय म्हणजे पूर येणार असं कशावरनं? तिनं माझ्याकडं बघितलं, उठली, जिन्यावरनं खाली बॅटरीचा झोत टाकला आणि भिंतीवरच्या दोन रेघा दाखवल्या. मी झोपायला गेले. पुस्तकातल्या पेशंटच्या घरात नदी येत नसते.

त्याच रात्री खरं मला विचारायचं होतं ते मी विचारलं नाही. ते सकाळी चहाच्या वेळी विचारलं. “आई, १९ ला मी साताऱ्यात असताना अण्णा काय करत हुते गं?”

“काय करणार? अंधारात बसलेले. सारखं तुझं. बेबीचा फोन लागला का, बेबी जेवली का. मी म्हटलं आवो, ती मामाकडं हाय, आपुन पाण्यात हाय.” ती चहा बशीत ओतत होती. “आन् त्यो संजा पायरीवर जाऊन शूटिंग करतोय, तर त्येला वराडताना एकदा तुझंच नाव निघालं तोंडातनं. बेबी, फुडं जाऊ नगंस. आम्ही किती हसलो त्या रातीला.”

मी कप खाली ठेवला. “खरंच बेबी म्हणाले?”

“म्हंजे? मी हुतो की तिथं.”

कॅलेंडरवर हे नाही. दादाला विचारलं, तो म्हणतो संजाच म्हणाले, आणि लगेच म्हणतो, पण काठीचं बी मला कुठं आठवतंय. आईचं वय बहात्तर. माझी बादलीची गोष्ट तिनं माझ्याकडनं किती वेळा ऐकलीय त्याची मोजदाद नाही.

यंदा स्मृतीचं प्रकरण आलं तेव्हा मी वर्गात गोष्ट पहिल्यासारखीच सांगितली. जिना, सावली, बादली, अण्णा. पोरी गप्प झाल्या. मग कॅलेंडर बाहेर काढलं आणि पहिल्या बाकापासून फिरवलं. आधी कुजबूज झाली, मग थोडी नाराजी, आपल्याला फसवलं अशी. चिखलीची एक मुलगी आहे, एरवी तोंड उघडत नाही. ती कॅलेंडर बराच वेळ हातात धरून होती.

“मॅडम, ह्यात बादली लिवलंय. हिरवी कुठं लिवलंय?”

संध्याकाळी घरी गेल्या गेल्या गच्चीवर गेले. ती बादली वर आहे हे मला माहीत होतं, आईनं तीत कढीपत्ता लावलाय. बादलीचा काठ उचकटलेला, कडी एकीकडनं निघालेली. सहा उन्हाळ्यांत रंग पार उडालाय. मावळतीकडनं बघितली तर हिरवट वाटत होती, या बाजूनं बघितली तर निळी. मी माती उकरून आतल्या बाजूचा रंग बघायला लागले.

खालनं आईचा आवाज आला, “बेबी, मुळं दुखवू नगंस. आत्ताशी धरलंय त्येनं.”